जाऊबाईंचं रक्त

खडतकरांच्या घरात एक गोष्ट होती. ती दर सणाला सांगितली जायची. सांगणारी एकच, थोरली जाऊ कमलिनी. आणि ऐकताना मान खाली घालून बसणारीही एकच, धाकटी वसुंधरा.

गोष्ट अशी की वसुंधरेच्या बाळंतपणात तिचं अंगावरून जाणं थांबेना. दुर्गच्या एका खासगी दवाखान्यात तिला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्त आणा, नाहीतर बाई हातची जाते. घरचे पुरुष एकमेकांची तोंडं पाहत राहिले. तेव्हा कमलिनीनं बाही वर केली. म्हणाली, "माझं काढा. पाहिजे तेवढं काढा." बाटलीभर रक्त दिलं आणि त्याच पावली भिलाईला परत येऊन साऱ्या घराचा स्वयंपाक केला.

"हिच्या अंगात माझं रक्त आहे," असं म्हणून कमलिनी शेवटी वसुंधरेच्या पाठीवर थाप मारायची. गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर मालक मारतो तशी.

या थापेवर वसुंधरेनं अठरा-एकोणीस वर्षं काढली. सासूबाईंच्या पाटल्या कमलिनीच्या हातात गेल्या, तेव्हा ती बोलली नाही. भैय्याजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, नेहरू नगरात घर बांधलं आणि गावाकडची भांडी, देव, सासूबाईंचा पलंग सगळं तिकडे गेलं, तेव्हाही नाही. ज्या बाईनं जीव वाचवला तिच्याशी तोंड कसं करायचं? नवरा नरहरी कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होता, सरळ माणूस. तोही म्हणायचा, "वहिनीले काही बोलू नको. तू आहे ती तिच्यामुळं आहे."

वसुंधरेच्या हातात शिवण होती. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात पायमशीन टाकून ती ब्लाउज शिवायची, आणि अशी शिवायची की कुम्हारीहून बायका बसनं कापड घेऊन यायच्या. बाईकडे नुसती नजर टाकून ती म्हणायची, डावा खांदा थोडा उतरता आहे तुमचा. माप घेतलं की तेच निघायचं.

मग तिचं हे कसब हळूहळू मोडायला लागलं.

सुरुवात कधी झाली ते तिला सांगता आलं नसतं. सकाळी रात्रभराची झोप घेऊन उठावं आणि अंग असं वाटावं, की कोणी रात्रीतून त्यात ओली रेती भरून ठेवली आहे. पोळ्या लाटताना मनगटं दुखायची. फोडणीच्या वासानं पोटात ढवळायचं. दुपारी दोन घटका पडल्याशिवाय उभं राहता येईना, आणि पडून उठलं तरी बरं वाटेना. तळव्यांना, पोटऱ्यांना विनाकारण खाज सुटायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोकं. दूध तापायला ठेवून विसरायची. हाक मारायला जावं तर शेजारणीचं नाव जिभेवर येईना. नरहरीनं जवळ यावं तर तिला त्याच्या हाताचंही ओझं व्हायचं. तो कूस बदलून झोपायचा. मुलगा नागपूरला कॉलेजात होता. तो सुटीत आला की म्हणायचा, आई, तू हसत का नाहीस आता?

दवाखान्यात गेलं की रक्त कमी आहे म्हणायचे. लोहाच्या गोळ्या द्यायचे. एकानं सांगितलं, या वयात बायकांचं असंच होतं. घरी सगळ्यांनी त्याला साधं नाव ठेवलं होतं. आळस.

त्या साली दिवाळीनंतर कमलिनीच्या मुलीचं, ताराचं, गोंदियाला जमलं. साखरपुड्यासाठी कमलिनीनं बनारसी कापड आणून वसुंधरेपुढे टाकलं. "पोरीसाठी आहे. तुझ्या हातचंच पाहिजे."

वसुंधरेनं तीनदा माप वाचलं, तरी कापताना कुठेतरी मन सुटलं. बाह्या जोडायला घेतल्या तेव्हा तिला दिसलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या होत्या. बगलेचा खोल काप दोन्हींना एकाच बाजूला. नव्यानं शिकणारी पोरगी करते ती चूक. वर तुकडाही उरला नव्हता.

कमलिनी घ्यायला आली तेव्हा व्हरांड्यात चार गिऱ्हाइकं बसलेली होती. तिनं दोन्ही बाह्या उचलून सगळ्यांना दाखवल्या.

"पाहा बाप्पा! ही आमची मास्तरीण. वसू, तुले झालं काय? दिवसभर लोळून राहते, अन् उठली की असं करते!"

"बाई, मले बरं नाही. डोकंच चालत नाही."

"कावून चालत नाही? खायले भेटत नाही का?" कमलिनी चौघींकडे वळली. "माझं रक्त घेतलं हिनं, पण माझा एक गुण नाही घेतला. माझी बाटली वाया गेली म्हणायची."

चौघी हसल्या. त्यांतली एक राधाबाई होती, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधली. तिच्या कानात पडलेलं दुर्गपासून कुम्हारीपर्यंत जायला एक दिवस पुरायचा.

वसुंधरा हसली नाही. रडलीही नाही. तिच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा जाऊबाईंबद्दल स्वच्छ, नितळ द्वेष उभा राहिला, आणि तिला नवल वाटलं की तो किती दिवसांपासून तिथे असावा.

त्यानंतर महिन्याभरात तिला दोनदा चक्कर आली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या वेळी लिव्हर तपासलं. आकडे वाढलेले. त्यांनी आधी नरहरीला बाजूला घेऊन विचारलं, बाई घेतात का काही? मग बी प्रकारची कावीळ तपासली, ती निघाली नाही. म्हणाले, एक नवी तपासणी निघाली आहे, ती आपल्याकडे होत नाही, नागपूरला जाऊन या.

नागपूरचे डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि वसुंधरेशीच बोलले, नरहरीशी नाही.

"थकवा किती वर्षांपासून आहे?"

तिनं सांगितलं. मग त्यांनी एकेक विचारलं. सांधे? खाज? विसरायला होतं? मन लागत नाही? चिडचिड? कशात रस वाटत नाही? ती दर प्रश्नाला हो म्हणत गेली, आणि तिला वाटायला लागलं की हा माणूस कुठूनतरी तिच्या घरात बसून तिला पाहत होता.

"हिपॅटायटिस सी म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. "लिव्हरचा विषाणू. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याला नावही नव्हतं. वर्षानुवर्षं अंगात राहतो, डोळे पिवळे होत नाहीत, काही दिसत नाही. माणूस नुसता आतून झिजतो."

"म्हणजे हा आळस नाही?"

"आळस?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही या अंगानं घर चालवलंत, शिवणकाम केलंत, यालाच मी कमाल म्हणेन."

नरहरी खाली पाहत होता.

इंजेक्शनं आहेत, डॉक्टर म्हणाले, पण फार महाग, महिनोन्महिने घ्यायची, ताप येतो, आणि बऱ्याच जणांना लागू पडत नाहीत. ऑफिसात खर्चाच्या मंजुरीला टाकून पाहा. एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं हा पसरत नाही, तेवढं घरी सांगा. नवऱ्यापासून बायकोला किंवा बायकोपासून नवऱ्याला सहसा होत नाही, तरी यांची तपासणी करून टाकू. हा रक्तातून येतो.

"कधी रक्त चढवलं होतं?"

"एकदाच," वसुंधरा म्हणाली. "बाळंतपणात. एकच बाटली."

"कुणाचं होतं, माहीत आहे?"

"हो," ती म्हणाली. "चांगलंच माहीत आहे."

"मग त्यांनाही तपासून घ्या. बहुतेक तिथूनच आला असेल."

परतीच्या गाडीत नरहरी खिडकीबाहेर पाहत होता. त्याला वाटलं असेल की बायकोला धक्का बसला आहे. वसुंधरेला भूक लागली होती. कित्येक महिन्यांनी अशी सपाटून भूक लागली होती. गोंदियाच्या फलाटावर तिनं आलुबोंडे घ्यायला लावले आणि तीन खाल्ले. रक्ताची ती गोष्ट, जिच्यासाठी तिनं मान वाकवून वाकवून पाठीला बाक आणला होता, ती आता तिच्या हातात आली होती. तिला धार होती.

"घरी गेल्यावर वहिनीले एकटीले सांगजो," नरहरी म्हणाला. "आरामानं."

"हो," वसुंधरा म्हणाली. "आरामानंच सांगते."

संक्रांतीचं हळदीकुंकू नेहरू नगरच्या घरी मोठं व्हायचं. मंडळाच्या बायका, रेल्वेवाल्या, सगळ्या यायच्या. कमलिनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देत होती, तारा तिळाचे लाडू फिरवत होती. वसुंधरा कोपऱ्यात सतरंजीवर टेकून बसली होती. कुणीतरी नव्यानं बदली होऊन आलेल्या बाईनं विचारलं, या तुमच्या जाऊ का? झालं. कमलिनीनं गोष्ट सुरू केली. दवाखाना, रक्तस्राव, पुरुषांची तोंडं, वर केलेली बाही.

"काढा माझं म्हटलं. हिच्या अंगात माझं रक्त आहे!"

आणि थाप मारायला ती वाकली, तेव्हा वसुंधरेनं तिचं मनगट धरलं.

"बाई, अर्धीच गोष्ट सांगता तुमी. पुढची मी सांगू?"

"कोनती पुढची?"

"मी नागपूरले गेली होती ना. मले लिव्हरचा आजार निघाला. बरा होईन की नाही, कोनी सांगत नाही." तिचा आवाज शांत होता, तिलाच तो आवडला. "डॉक्टर म्हनतात, हा रक्तातून येते. माझ्या अंगात बाहेरचं रक्त जिंदगीत एकदाच गेलं. ते कोनाचं होतं, ते आताच बाईनं साऱ्याइले सांगितलं."

खोलीत लाडू चावण्याचाही आवाज बंद झाला.

वसुंधरेला वाटलं होतं, कमलिनी ओरडेल, अंगावर येईल. ती त्याच तयारीनं आली होती. पण कमलिनीचा चेहरा उतरला. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. एक शब्द बोलली नाही. वसुंधरेला वाटलं, जिंकले.

राधाबाईनं हातातला अर्धा लाडू ताटाच्या कडेला ठेवला. "चला बाई, मले गाडी पकडाची आहे." तिच्या मागे आणखी दोघी उठल्या. वाट्या तिथेच राहिल्या.

वार बरोबर बसला होता. फक्त तो कुणाकुणाला लागणार याचा विचार वसुंधरेनं केला नव्हता. आठ दिवसांत तिच्या व्हरांड्यातली कापडं एकेक करून परत गेली. कुणी म्हणे, पाहुणे येणार आहेत, इतक्यात नको. कुणी काहीच न म्हणता पोराला पाठवी. एकीनं मात्र तोंडावर सांगितलं, "सुई टोचते, रक्त लागते कपड्याले. बुरा नका मानू." दोघी जावांच्या घरी कुणी पाणी पिईना. नरहरीची तपासणी साफ निघाली होती. त्यानंतर त्यानं आपला कप दुसऱ्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी.

आणि मग गोंदियाहून निरोप आला. ताराचे होणारे सासरे शामराव रेल्वेत होते, भले गृहस्थ. पण त्यांच्या बायकोच्या कानावर गोष्ट गेली होती. मुलीच्या आईच्या रक्तात दोष आहे म्हणतात. मग मुलीच्या?

ताराला वसुंधरेनं कडेवर खेळवलं होतं. निरोप कळला त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण जाऊबाईंकडे जाऊन काही बोलावं असंही तिला वाटलं नाही. भोगू दे, असंच वाटलं.

कमलिनी ताराला घेऊन नागपूरला गेली. दोघींची तपासणी झाली. ताराच्या रक्तात काही नव्हतं. कमलिनीच्याही नव्हतं.

कमलिनी परत आली ती वेगळीच होऊन. प्रसाद वाटावा तसा तिनं तो रिपोर्ट घरोघर फिरवला. माझं रक्त साफ आहे. डॉक्टर लोक काय, काहीही बोलतात. त्यावर राधाबाईनं साहजिकच विचारलं, मग हिले कुठून लागलं?

"मी काय सांगू बाप्पा," कमलिनी म्हणाली. "नवरा दिवसभर ड्यूटीवर. घरी येनारे-जानारे. कापडवाले, मशीनवाले. रक्ताचा आजार काय हवेतून येते?"

एवढंच म्हणाली. पुढचं राधाबाईनं केलं.

वसुंधरेच्या कानावर ते तिसऱ्या दिवशी आलं, आणि तेही नरहरीच्या तोंडून. तो जेवायला बसला होता. भात कालवत राहिला, खाईना.

"एक इचारू का?"

"इचारा."

"वहिनीचं रक्त साफ निघालं."

"माहीत आहे."

"मंग..." त्यानं मान वर केली नाही. "तुले... म्हंजे कुठून..."

तिला आधी कळलंच नाही. डोकं हल्ली मागून चालायचं. मग कळलं. तिनं वाकून त्याच्यासमोरचं ताट उचललं, मोरीपर्यंत नेलं आणि भात, वरण, वांग्याची भाजी सगळं तिथे उपडं केलं.

"बावीस वर्षं संसार केला तुमच्यासंगं," ती म्हणाली. "आता त्या राधाबाईच्या घरीच जेवत जा."

सकाळी ती एकटी निघाली. नेहरू नगर लांब नाही. पूर्वी ती चालत जायची. आता टेम्पोतून हायवेला उतरून घरापर्यंतचं अंतरही तिला पुरून उरलं. रस्त्याकडेच्या एका पुलियाच्या कठड्यावर ती बसली. ट्रक धूळ उडवत जात होते. बसल्या बसल्या ती विचार करत होती. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. बाटली एकच होती. त्या बाटलीत आजार होता, आणि कमलिनीच्या रक्तात तो नाही. एरवी धुकं असणाऱ्या तिच्या डोक्यात तेवढी एक गोष्ट अगदी सरळ उभी राहिली. हळदीकुंकवाच्या दिवशी जाऊबाई गप्प का बसल्या, तेही तिला कळलं.

भैय्याजी अंगणात स्कूटर पुसत होते. रोलिंग मिलमध्ये फोरमन होते, रिटायरमेंटला आलेले. तिथे म्हणे त्यांच्या आवाजाला लोक घाबरायचे. घरात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

वसुंधरा त्यांच्यासमोर उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला नाही.

"भैय्याजी, दवाखान्यात तुमी होते. मले जे रक्त चढवलं, ते कोनाचं होतं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. आतून कमलिनी ओले हात घेऊन धावत आली. "सकाळी सकाळी तमाशा करायले आली का तू? तुमी काही बोलू नका हो!"

"मी त्याइले इचारून राहिली, बाई."

"आत चल," भैय्याजी म्हणाले.

"नाही. इथंच सांगा."

भैय्याजींनी बायकोकडे एकदा पाहिलं. मग स्कूटरच्या सीटकडे पाहत, तिलाच सांगत असल्यासारखे बोलले. "कमल आली होती संगं. सुई पाहून तिले घेरी आली. ग्रुपही जुळला नसता. डॉक्टर घाई करून राहिले होते. दुर्ग स्टेशनपाशी एक रिक्षेवाला होता, रक्त द्याचा. पैसे घेऊन. त्याले आणलं."

"मंग हे..."

"आई होती ना घरी." त्यांनी सीटवरून हात फिरवला. "तिनं दारातच इचारलं, कोनाचं रक्त देल्लं सुनेले? रिक्षेवाला कोन, कोन्या जातीचा, काय सांगनार होतो मी? तिनं तुले सैपाकघरात पाय ठेवू देल्ला नसता. देवाले हात लावू देल्ला नसता. माझ्या तोंडातून निघालं, घरचंच आहे, कमलचं आहे. आईनं कमलले जवळ घेतलं, बदामाचं दूध पाजलं. मंग ते तसंच राहिलं."

"अठरा वर्षं?"

भैय्याजींनी फडकं परत उचललं.

वसुंधरा कमलिनीकडे वळली. तिला वाटत होतं, आता ही बाई खाली पाहील. एवढं तरी करेल.

कमलिनीनं ओले हात पदराला पुसले आणि दोन पावलं पुढे आली. "काय पाहते? हो, नव्हतं माझं रक्त. मंग? तू महिनाभर खाटेवरून उठली नव्हती. तुझ्या पोराले कोनं पाजलं? माझी तारा दुधावर होती. तिले एका बाजूनं अन् तुझ्या पोराले एका बाजूनं, दोघाइले पाजलं मी. तुझे रक्ताचे बोळे कोनं धुतले? सासूनं? ती शिवत नव्हती तुले. मी धुतले! याच हातानं!"

"हे मले कधी सांगितलं नाही तुमी."

"काय सांगाचं? बोळे धुतले हे कोनी ऐकते का? हळदीकुंकवात सांगते कोनी? रक्त देल्लं म्हटलं की चार बाया माना डोलवतात." तिचा श्वास लागला होता. "त्या घरात मले कोनी इचारत नव्हतं. त्या एका दिवसानंतर इचारायले लागले. कावून सोडू मी ते?"

"अन् माझी बदनामी? ती पन बोळे धुतल्याची मजुरी का?"

"तू माझ्या पोरीचं लग्न मोडायले निघाली! चार बायांत! मी काय ओवाळू तुले?"

दोघी समोरासमोर उभ्या होत्या. वसुंधरेला बसायला पाहिजे होतं, पण त्या अंगणात ती बसणार नव्हती. तिला वाटलं, हिनं आपल्या पोराला पाजलं, हे खरं असेल. खरंच असणार. आणि तरीही हिचं तोंड पुन्हा पाहायला नको. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळून काही हलकं वाटलं नाही.

"मम्मी."

दारात तारा उभी होती. तिनं किती ऐकलं, कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं.

"मम्मी, आप इतने साल झूठ बोल रही थीं? अन् काकूबद्दल ते जे सांगितलं तू, तेही?"

"तू आत जा."

"नाही जात."

तारा आत गेली नाहीच. तिनं त्याच दिवशी काकाच्या ऑफिसात जाऊन नरहरीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी राधाबाईच्या दारात उभी राहून सांगितलं. वडलांना घेऊन गोंदियाला गेली आणि होणाऱ्या सासूलाही सांगितलं. आईनं दार लावून घेतलं, अन्न सोडलं, पण पोरगी ऐकायला तयार नव्हती.

वसुंधरेनं घरी येऊन अंग टाकलं ते दोन दिवस उठली नाही. त्या रिक्षेवाल्याचा विचार तिच्या मनात येत राहिला. भैय्याजींनी त्याचं नाव विचारलं नव्हतं. तोही असाच थकत असेल का? रिक्षा ओढताना छाती फुटत असेल, आणि घरी त्यालाही कुणी आळशी म्हणत असेल? की केव्हाच मेला? इतकी वर्षं ती चुकीच्या बाईपुढे वाकली होती, आणि ज्याचं रक्त तिच्या अंगात फिरत होतं त्याला ती ओळखतही नव्हती. त्याचा राग करून पाहिला. जमला नाही.

नरहरी तिच्या पलंगाशी येऊन उभा राहिला. "चुकलं माझं," म्हणाला. "तुझ्यासाठी खिचडी टाकली आहे."

"ठेवा तिथं."

"वसू, मी खरंच..."

"ठेवा म्हटलं ना."

खिचडी करपली होती. तिनं खाल्ली. त्याला माफ केलं असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. त्याचा कप आपोआप पहिल्या फळीवर आला. तिनं तो तसाच राहू दिला. पण रात्री ती आपली गादी मुलाच्या खोलीत टाकू लागली.

बाहेर काय झालं, तर वसुंधरेला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. गोंदियावाल्यांना रक्ताची भीती होती, खोट्याची नव्हती. खोटं बोलणं काही आजार नाही, लग्न मोडायला. ते उलट हसले म्हणे, आणि लग्नाची तारीख पक्की केली. मंडळातल्या बायकांनी थोडे दिवस कमलिनीला टाळलं. मग म्हणू लागल्या, दुसऱ्याचं पोर अंगावर पाजलं बाईनं, एखादं खोटं बोलली तर काय मोठं! कमलिनीनं पुढच्या भिशीत हीच नवी गोष्ट सांगितल्याचं वसुंधरेच्या कानावर आलं.

वसुंधरेचं नाव साफ झालं. गिऱ्हाइकं फारशी परतली नाहीत. ज्या आल्या त्यांना तिनं उभ्या उभ्या सांगितलं, "मले हा आजार आहे. सकाळी दोन तास बसते, जास्त बसवत नाही. घाई असन तर दुसरीकडे जा." दोघी राहिल्या. इंजेक्शनांच्या मंजुरीचा कागद ऑफिसात फिरत होता. नरहरी रोज त्याच्या मागे असायचा आणि रोज संध्याकाळी काही न बोलता चपला काढायचा.

ताराचं लग्न मे महिन्यात दुर्गला झालं. वसुंधरा गेली, ताराच्या शब्दासाठी. दोन्ही जावा एकाच मांडवात वावरल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. समोरासमोर आल्या की कमलिनी हातातलं तबक दुसऱ्या बाजूनं न्यायची. मंगलाष्टकांना वसुंधरा अक्षता टाकून खुर्चीवर बसली. तिच्या वयाच्या बाकी सगळ्या उभ्या होत्या.

पंगती सुरू झाल्या तसं तिला कळलं की आता होत नाही. ऊन, घामाचा, तळणाचा वास, ढोल. ती बायकांच्या खोलीत गेली. तिथे वरपक्षाच्या आठ-दहा जणी पंख्याखाली बसून गजरे माळत होत्या. मधोमध एक गादी मोकळी होती. एरवी ती कुठल्यातरी कोपऱ्यात पेट्यांच्या आड टेकली असती, आणि कुणी आलं की लगबगीनं उठून बसली असती.

ती त्या गादीवर आडवी झाली.

"काय हो," एका जाड सोन्याची बोरमाळ घातलेल्या बाईनं विचारलं, "नवरीच्या काकू ना तुमी? पंगतीत वाढायले नाही गेल्या?"

"नाही," वसुंधरा म्हणाली. "मले लिव्हरचा आजार आहे. थकते मी."

त्या बाईनं आपली साडी जराशी आवरून घेतली आणि थोडं लांब सरकली. वसुंधरेनं ते पाहिलं. तेवढी जागा आणखी झाली म्हणून तिनं पाय लांब केले, कूस बदलली आणि डोळे मिटले.